मिनिटाला चाळीस थेंब

शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही तिघे अवजारांच्या पिशव्या घेऊन एका इमारतीच्या दारात उभे होतो, आणि दाराला हे मोठं कुलूप. मालकाने काम सोमवारवर ढकललं होतं, फक्त आम्हाला कळवायचं विसरला होता. मी नळाची कामं करतो. ज्याला आम्ही लेव्हल म्हणतो तो फरशा बसवतो. चहाचा कप ठेवायच्या आधीसुद्धा तो टेबल सरळ आहे का ते बघतो. फ्यूज वायरिंग करतो, पण हे नाव त्याला धंद्यावरून नाही, स्वभावावरून पडलंय.

"दोन दिवस सुट्टी," फ्यूज म्हणाला. "घरी गेलो तर बायको माळा आवरायला लावणार."

"मग मौनीकडे जाऊ," मी म्हणालो. "एवढ्या वेळा बोलावलंय त्याने."

हे मी अगदी सहज सुचल्यासारखं म्हटलं, पण महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मौनी माझा भागीदार. वीस वर्षं आम्ही एकत्र कामं केली. मी बोलायचो आणि तो ऐकायचा असं सगळे म्हणायचे, ते अक्षरशः खरं होतं. भिंतीला कान लावून कुठल्या मजल्यावर, कुठल्या सांध्यात पाणी गळतंय ते तो सांगायचा, आणि मी तेवढीच एक फरशी फोडायचो. दोन वर्षांपूर्वी तो आणि वहिनी शहर सोडून डोंगराकडे राहायला गेले. मी तेव्हा तोंड फुगवून बसलो होतो, निरोप द्यायलाही गेलो नाही.

आता मला एका सात मजली रुग्णालयाचं काम चालून आलं होतं. सोमवारी सही करायची होती. आणि माझ्या डाव्या कानाने काम सोडून तीन वर्षं झाली होती, उजवाही आता त्याच वाटेवर होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नळवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला कोण बोलावणार? मौनी परत आला तरच ते काम मला झेपणार होतं. बायकोला फोन करून सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "त्याला आणायला चाललायस ना? नीट बोल. हुकूम सोडू नकोस."

लेव्हलच्या गाडीत मागे सिमेंटची पोती, पुढे आम्ही तिघे. फ्यूज वाटभर गाणी म्हणत होता. न ऐकू येण्याचा एवढा एकच फायदा मला तीन वर्षांत मिळाला.

दुपारी पोचलो. डोंगराच्या कुशीत मातीच्या भिंतींचं दोन खोल्यांचं घर, छपरावर दोन सौर पॅनेल, मागे ओढा. मौनी दारात उभा होता. काळा पडला होता, बारीक झाला होता, आणि वीस वर्षांत दिसला नव्हता एवढा खूश दिसत होता. मला जरा रागच आला.

वहिनींनी घर दाखवलं. पावसाचं पाणी छपरावरून टाकीत. अंघोळीचं पाणी खडी आणि बोरूच्या गवताच्या वाफ्यातून गाळून झाडांना. "आणि भाऊजी, हा आमचा संडास. पाणी नाही, नळी नाही. वर मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा, वर्षभराने खत तयार."

"म्हणजे मला इथे उपाशीच मरावं लागेल," मी म्हणालो. सगळे हसले. मी हसलो खरा, पण आत कुठेतरी टोचलं. मी जन्मभर जे जोडत आलो, त्यातलं काहीच या घराला नको होतं.

मग मौनी आणि वहिनी सरपण आणायला गेले. लेव्हल आणि फ्यूज ओढ्यात डुंबायला पळाले. मी एकटाच टाकीभोवती फिरत होतो. टाकी चौथऱ्यावर होती. तिचा एक नळ पुरता बंद नव्हता, आणि तिथून एक नळी भिंतीपलीकडे जात होती. भिंतीच्या पायाशी माती ओली होती.

म्हटलं, बघा! मौनीगुरुजी शेतकरी झाले आणि स्वतःच्याच घरचा नळ गळतोय. माझीही जित्याची खोड, मेल्याशिवाय जायची नाही. मी गाडीतून पाना आणला, नळ खोलला, आतला जुना रबर काढून नवा बसवला आणि घट्ट आवळला. पाण्याचा टिपूस येणार नाही असा. दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्यावर कुरघोडी केल्यासारखं वाटलं. बोलून दाखवायचं नाही असं ठरवलं. उद्या निघताना सांगू, त्याच गप्पांत रुग्णालयाचंही काढू.

संध्याकाळी तो मला झऱ्याकडे घेऊन गेला. वाट चढणीची होती. एका झाडाखाली थांबून त्याने बोट वर केलं. "ऐकलंस? हा पक्षी याच आठवड्यात आलाय."

"सुरेख," मी म्हणालो. मला पानंसुद्धा ऐकू येत नव्हती. तिथेच त्याला विचारायला हवं होतं, पण तो इतका शांत उभा होता की माझी जीभ रेटेना.

रविवारी अकराच्या सुमारास वहिनींची हाक आली. हाक मला कळली नाही, पण बाकीचे धावले म्हणून मीही धावलो. भिंतीपलीकडे जाळीच्या सावलीत रोपांचे चार वाफे होते आणि चारही वाफ्यांतल्या रोपांनी माना टाकल्या होत्या. डोंगरावरच्या झाडांच्या बिया. दोन पावसाळे फुकट गेल्यावर या वर्षी कुठे रुजल्या होत्या. वरच्या नळातून थेंब थेंब पाणी एका पत्र्याच्या डब्यात पडायचं आणि तिथून वाफ्यांत झिरपायचं. डबा कोरडा ठणठणीत होता.

"नळ मी बंद केला," मी म्हणालो. "मला वाटलं गळतोय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फ्यूज माझ्यावर भडकला, वहिनी झारी घेऊन आल्या, लेव्हल बादल्या आणू लागला. तासाभरात बरीच रोपं सावरली. एक वाफा मात्र गेला. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

मौनी रागावला नाही. तो माझ्याकडे बघत होता, भिंतीकडे बघायचा तसा. "डबा वाजतो रे," तो म्हणाला. "ठराविक वाजतो. मोजून लावलेला थेंब आणि गळणारा थेंब यांतला फरक तुला मी सांगायचा? ऐकला नाहीस?"

"लक्ष नव्हतं."

"बरं. मग तूच लाव आता. मिनिटाला चाळीस."

तो घड्याळ घेऊन भिंतीपलीकडे डब्याशी बसला. मी चौथऱ्यावर चढलो. नळ फिरवायचा इथे आणि थेंब पडतो तिथे, मध्ये भिंत. कानाशिवाय हे काम होत नाही. मी केसभर फिरवलं. थांबलो. आणखी केसभर. अंदाजाने आकडे मोजले आणि ओरडलो, "झाले चाळीस!"

तो उठून माझ्याजवळ आला. "एकही थेंब पडलेला नाही अजून," तो म्हणाला.

मी नळावरचा हात काढला नाही. मग एकदाचं बोलून टाकलं. "रुग्णालयाचं काम आलंय. सात मजले. उद्या सही आहे. येतोस का परत?"

"नाही," तो म्हणाला. विचारसुद्धा केला नाही त्याने. मग माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. "कधीपासून ऐकू येत नाही?"

"डाव्याने तीन वर्षं."

त्याने बोटांवर हिशोब केला. "म्हणजे मी निघालो तेव्हाच..."

"हो."

"तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू गेला असतास?"

त्याने खाली बघितलं. दोन वर्षं त्याला वाटत होतं की मी रुसलोय म्हणून निरोपाला आलो नाही. मलाही तेच सोयीचं वाटत होतं. खरं म्हणजे मी गेलो असतो तर माझ्या तोंडून निघून गेलं असतं.

"नसतो गेलो," तो म्हणाला.

त्याचे डोळे भरून आले होते आणि माझेही. आम्ही दोघेही नळाकडेच बघत राहिलो. मग त्याने नळावरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला. हळू फिरवत एका जागी थांबला आणि पलीकडे डब्यात पडणाऱ्या प्रत्येक थेंबाला माझ्या मनगटावर बोटाने ठोकत राहिला. टक. टक. टक. मी मोजले. मिनिटात चाळीस भरले.

"उद्याच्या सहीचं काय करणार?" त्याने विचारलं.

"नाही म्हणून कळवतो. आधी कान दाखवतो कुणाला तरी."

निघताना वहिनींनी कागदावर कानाच्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं. त्या पूर्वी नर्स होत्या, आणि मौनीने त्यांना एवढ्यात सांगितलंही होतं. लेव्हलने गाडी सुरू केली. मी नेहमीसारखा मधे बसलो होतो, फ्यूज माझ्या डाव्या हाताला खिडकीशी.

"एक सांगायचंय," मी म्हणालो. "मला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. उजव्याने थोडंफार येतं. तीन वर्षं झाली."

लेव्हलने गाडी बंद केली. फ्यूज आता फुटणार असं मला वाटलं. त्याने दार उघडलं, खाली उतरला आणि मला बाहेर ओढलं. मग स्वतः मधे जाऊन बसला. खिडकीची जागा त्याने आजवर सख्ख्या भावालाही दिलेली नाही.

"तू खिडकीशी बस," तो माझ्या उजव्या कानाशी वाकून म्हणाला. "आम्ही दोघे इकडून बोलतो."