जिन्याखालच्या बाटल्या

पहिला आवाज झाला तेव्हा आई पाव कापत होती. रविवारची दुपार, जूनमधला उकाड्याचा आठवडा, मागचं दार सताड उघडं. आवाज जिन्याखालच्या कपाटातून आला. जाड काचेचं भांडं कुणी फरशीवर आपटावं तसा, पण त्याहून कोरडा. मग काचा घरंगळल्या, आणि शांत झालं.

मी आणि बाबा, दोघांनीही आधी आईकडे पाहिलं. ती आमची सवयच होती. ऑलिव्ह, म्हणजे माझी आई, भित्री आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. फुगा फुटला तरी तिच्या हातून काहीतरी पडायचं. पाच नोव्हेंबरच्या सणाला सगळं लँकेशायर शेकोट्या पेटवून फटाके उडवायचं, तेव्हा ती मागच्या मोरीत नळ मोठा सोडून भांडी घासत बसायची. घासलेलीच पुन्हा घासायची. बाबा अंगणातून ओरडायचे, "बाईसाहेब, जर्मन केव्हाच गेले. या आता बाहेर." शेजारी हसायचे. आम्हीही हसायचो.

त्या दिवशी मात्र तिच्या हातून काहीच पडलं नाही. तिने सुरी पावाशेजारी ठेवली, पातं भिंतीकडे करून.

"एखादी बाटली कलंडली असेल," बाबा म्हणाले. "बघतो."

"दार उघडू नकोस, क्लिफ."

बाबांनी उघडलं. बायकोचं ऐकलं असतं तर ते बाबा कसले. दार वीतभर उघडलं आणि दुसरी बाटली फुटली. ते मागच्या मागे भिंतीवर आदळले आणि सरकत खाली बसले. दार आपलं आपण लागलं. त्यांच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, एक चीर पडली होती. तिच्यातून रक्त आलं, आणि कपाळावरून काळा फेस ओघळत येऊन त्यात मिसळला.

वरच्या खोलीत माझी डेबी जागी होऊन रडायला लागली. पाच महिन्यांची होती.

मी जिन्याकडे धावले. आईने माझं मनगट पकडलं, डाव्या हाताने. त्या हाताला तीनच बोटं होती. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मुळापासून नव्हतं. कपडे पिळायच्या रुळात गेली असं आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. त्या तीन बोटांत एवढा जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"जिन्यावर पाय ठेवायचा नाही," ती म्हणाली.

जिना एकच, आणि तो नेमका त्या कपाटावरून वर जायचा. जुन्या फळ्या वाळून त्यांच्यात फटी पडल्या होत्या. लहानपणी मी वरून त्या फटींतून काड्या टाकायचे आणि खाली झाडूवर पडताना ऐकायचे. आता त्या फळ्यांखाली बाबांची स्टाऊट, म्हणजे घरी केलेली काळी बिअर होती, चाळीसेक बाटल्या, आणि वर माझी मुलगी रडत होती. माझा नवरा तेव्हा जहाजावर होता, म्हणून बाळंतपणाला मी माहेरी आले होते.

खरं तर ती स्टाऊट माझ्यासाठीच होती. बाळंतिणीने रोज एक ग्लास स्टाऊट घ्यावी, म्हणजे अंगावर दूध भरतं, असं आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या सांगायच्या. बाबा बस डेपोत तिकीट तपासायचे. बिअर त्यांनी जन्मभर प्यायली होती, पण कधी केली नव्हती. पलीकडच्या घरातला सिरिल घरी करायचा, केमिस्टकडून मिळणाऱ्या डब्यातल्या काकवीसारख्या अर्कापासून. बाबांनी नाक मुरडलं. "डबा उघडून पाणी ओतायचं, त्याला काय करणं म्हणतात? मी दाण्यांपासून करणार."

तो हिवाळा वीज जाण्याचा होता. खाणकामगारांचा संप, कोळसा नाही, संध्याकाळी मेणबत्त्या. अशात बाबांनी मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे आणले, थोडे कॉफीसारखे काळे भाजलेले आणले, आणि आईच्या खिमा करायच्या यंत्रातून सगळे भरडले. यंत्राचा दांडा तुटला. कपडे उकळायच्या हंड्यात गरम पाणी घालून ते भरड भिजवलं आणि हंड्याला आमची पिसांची रजाई गुंडाळली. तास-दीड तास ते हंड्याला मिठी मारून बसले होते, बाळाला ताप आल्यासारखे. "जास्त तापलं तर मेलं, निवलं तर मेलं," म्हणायचे. मग जाळीच्या पडद्यातून गाळलं, हॉप्सची कडू फुलं घालून उकळलं, निववलं, यीस्ट घातलं. सगळ्या घराला जळक्या पावाचा आणि ओल्या गवताचा वास येत होता. आई म्हणाली, "माझा पडदा आता जन्मभर दारुडा राहणार." पण तिला तो वास आवडला होता. ती मुद्दाम मोरीच्या बाजूने जायची.

फेस आला, बुडबुडे आले, आणि चार दिवसांत सगळं थांबलं. घर इतकं गार होतं की बादलीतल्या पाण्यात हात बधिर व्हायचा. सिरिल म्हणाला, "क्लिफ, थांब जरा. थंडीनं झोपलं असेल ते."

"झोपलंय कसलं? झालंय. तुझ्या डब्याला लागत असेल महिना."

आणि बाबांनी भरल्या बाटल्या. जुन्या, जाड, आट्यांच्या रबरी बुचांच्या. प्रत्येकीत वर एक चमचा साखर घातली, फेस यावा म्हणून. मार्चमध्ये एक उघडली तर काळं, गोड, निपचित पाणी. मी तोंड वाकडं केलं. बाबांनी ती मोरीत ओतली. बाकीच्या जिन्याखाली ठेवल्या, "मुरू देत" म्हणाले, आणि तो विषय पुन्हा काढला नाही. त्या बाटल्यांतली सगळी साखर तशीच होती, यीस्ट फक्त झोपलेलं होतं. जूनच्या उकाड्यात ते जागं झालं.

तिसरी फुटली. कपाटाच्या पातळ दारातून काचेचं एक टोक बाहेर आलं, बोटाच्या नखाएवढं. आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत राहिलो.

"मी फायर ब्रिगेडला फोन करतो," बाबा म्हणाले.

"कोपऱ्यावरच्या फोनपर्यंत तू जाणार, ते येणार, आणि ते बूट आपटत जिन्यावर चढणार."

"सिरिलची शिडी?"

"सिरिल मुलांना घेऊन समुद्रावर गेलाय. शेडला त्याच्या कुलूप आहे."

डेबीचं रडणं बदललं होतं. आधी भुकेचं होतं, आता घाबरल्याचं. माझं दूध सुटलं, ब्लाउज दोन्ही बाजूंनी भिजला. मी म्हटलं, "आई, सोड मला. तीन ढांगांत जाईन वर."

"आणि चौथी फुटली तर तिला घेऊन त्याच फळ्यांवरून उतरशील." तिने माझं मनगट सोडलं. "जीन, माझं ऐक. पलंगावरच्या दोन्ही लोकरी घोंगड्या अंगणात दोरीवर वाळताहेत, त्या आण. भिजव. पिळू नकोस."

मी घोंगड्या भिजवून आणल्या तेव्हा आई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभी होती. केसांतले आकडे काढत होती. एकेक काढून बशीत ठेवत होती, आवाज न करता. मग तिने हाताला साबण लावला आणि उजव्या हातातली लग्नाची अंगठी फिरवत फिरवत उतरवली. डाव्या हाताला ते बोटच नसल्यामुळे ती पहिल्यापासून उजव्यातच घालायची. ॲप्रनचा खिसा उलटा केला. काडेपेटी काढली, एक सेफ्टी पिन काढली. बूट काढून कापडी सपाता घातल्या. दाराच्या उंबऱ्याशी थांबून तिने सपाता पुसल्या, एक आणि मग दुसरी.

"ऑलिव्ह," बाबा म्हणाले, "अगं, बिअर आहे ती. आकडे कशाला?"

आईने बशीकडे पाहिलं. ते तिथे कुणी ठेवले असं विचारावं तसा तिचा चेहरा झाला. पण तिने ते परत घातले नाहीत. शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढणारी माझी बावन्न वर्षांची आई केस मोकळे सोडून उभी होती. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

"मी जातो," बाबा उठायला लागले. "माझी करणी आहे."

"तुझे हात बघ."

बाबांचे हात थरथरत होते. आईचे नव्हते.

तिने बाबांचा हिवाळ्याचा जाड कोट उलटा, पाठीकडची बाजू पुढे घेऊन चढवला. एक ओली घोंगडी ढालीसारखी पुढे धरून कपाटाचं दार बाजूने उघडलं आणि घोंगडी बाटल्यांवर अलगद अंथरली, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तशी. दुसरी तिच्यावर. मग म्हणाली, "पाणी. गार. मगाने दे, हळू." मी देत राहिले, ती ओतत राहिली. "गरम झाल्यात. आधी निवू देत."

नंतर ती गुडघ्यांवर बसली आणि घोंगडीच्या कडेखाली दोन्ही हात घातले. डाव्या तीन बोटांनी बाटलीची मान धरली, उजव्याने बूच. मला फक्त तिचे खांदे दिसत होते. लांबलचक फुस्स आवाज आला, आणि घोंगडीखालून काळा फेस फरशीवर आला.

"एक झाली. कुणीतरी बोलत राहा," ती म्हणाली. "गप्प बसलं की हात घाई करतात."

बाबांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. जन्मभर बडबड केलेला माणूस. "काय बोलू?"

"मग मीच बोलते." फुस्स. "आम्ही गाणी म्हणायचो. बाकावर ओळीनं बसून. मेव्हिस माझ्या डाव्या हाताला बसायची. आवाज भसाडा होता तिचा, पण सगळ्यात मोठ्यानं तीच गायची."

"कुठल्या बाकावर?" बाबांनी विचारलं.

"कारखान्यात. लढाईच्या वेळी."

"बिस्किटांच्या?"

"बिस्किटांच्या म्हणून सांगायचं होतं आम्हाला. तोफगोळ्यांचा होता. आम्ही डिटोनेटर भरायचो. गोळ्याचा स्फोट करणाऱ्या टोप्या असतात त्या, बोटाच्या पेराएवढ्या." फुस्स. "ठिणगी उडू नये म्हणून आत जाताना सगळं काढून घ्यायचे. आकडे, अंगठ्या, काडेपेटी. जीन, पाणी."

मी पाणी दिलं. वर डेबी रडून रडून उचक्या द्यायला लागली होती. जरा वेळाने उचक्याही थांबल्या, आणि ते मला रडण्याहून भयंकर वाटलं. मी जिन्याच्या पहिल्या पायरीकडे बघत होते. आईने मान न वळवता म्हटलं, "झोपली ती. मुलं थकून झोपतात. तू मला टॉवेल दे."

बाबा भिंतीला टेकून होते. गालावर रुमाल दाबलेला. "ऑलिव्ह, तुझी बोटं... तू म्हणाली होतीस, रुळात..."

"आमच्या घरी रूळ कधी नव्हताच, क्लिफ. आई हातानंच पिळायची."

फुस्स.

"एकदा तरी यायचंस की आमच्या मोरीत बघायला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थोडी थट्टाच होती.

"आणि मेव्हिस?" बाबांनी विचारलं.

आई थांबली. तिचे खांदेही थांबले. "हसत होती ती. मीच काहीतरी बोलले होते. हसताना तिचा कोपर हलला. एवढंच."

त्याच वेळी घोंगडीखाली एक फुटली. बसका, ओला धक्का. घोंगडी वर उचलली गेली आणि खाली बसली. मी किंचाळले. बाबांनी डोक्यावर हात घेतले. आई तशीच होती, दोन्ही हात आत. तिने फक्त डोळे मिटले आणि उघडले.

"झालं. तेवढी एक कमी," ती म्हणाली, आणि पुढच्या बाटलीची मान चाचपू लागली.

किती वेळ गेला मी सांगू शकत नाही. आज मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी म्हातारी आहे, आणि कुठे पाण्याचा पाइप जरी फुस्स करून वाजला तरी मी हातातलं आधी खाली ठेवते. शेवटी आई म्हणाली, "जा आता. सावकाश. भिंतीकडून चाल." मी भिंतीला चिकटून वर गेले. डेबी आडवी झोपली होती, मूठ तोंडात, चेहरा लाल आणि ओला. मी तिला छातीशी धरून खाली आले तेव्हा कपाटाचं दार उघडं होतं आणि फरशीवरून काळा ओहोळ मागच्या दारापर्यंत गेला होता.

आई मागच्या पायरीवर उन्हात बसली होती. कोट काढलेला. बाबांनी बाकीच्या बाटल्या अंगणातल्या मोरीत ओतल्या, एक मात्र ठेवली. ती त्यांनी ग्लासात ओतली. गडद काळी, वर सायीसारखा फेस. मार्चमधल्या त्या गोड पाण्याचा मागमूस नव्हता.

"बघ तरी," ते म्हणाले.

आईने ग्लास घ्यायला हात पुढे केला, आणि तो हात थरथरायला लागला. मग दुसरा. मग खांदे, हनुवटी, सगळं. तिने हात मांड्यांमध्ये दाबून धरले तरी थांबेना. बाबा तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि ग्लास तिच्या ओठांना लावला. तिने एक घोट घेतला. वरच्या ओठावर फेस राहिला.

"चांगली झालीय रे," ती म्हणाली.

बाबा उठून आत गेले आणि बशी घेऊन आले. तिच्या मागे, वरच्या पायरीवर बसले. त्यांनी तिचे केस दोन्ही हातांनी गोळा केले, निसटले, पुन्हा गोळा केले. एक आकडा खोचला, तो लगेच सुटला. पुन्हा खोचला. तिला रोज सकाळी आरशासमोर बघत आले होते तसे त्यांनी बाकीचे आकडे ओठांत धरले होते, त्यामुळे त्यांना काही बोलता येत नव्हतं. आई डोकं न हलवता बसली होती.