नॅनोबाबाची लाल रेघ

ब्रह्मपुरीजवळच्या त्या गावात मांडव खच्चून भरला होता. पार एटापल्लीकडून जीप भरून माणसं आली होती. कनाती सोडून आत अंधार केलेला. नॅनोबाबाने हातातल्या पेनातून विहिरीच्या पाण्याच्या ग्लासात उजेड सोडला, काहीच दिसलं नाही. मग आपल्या औषधाच्या, ‘नॅनोजला’च्या ग्लासात सोडला आणि आत लाल रेघ लखलखली. बायांनी हात जोडले.

“देखा! औषध जागं झालं! तुम्ही धानवाले. सांगा, भाव कोणाले? ठोकळ धानाले का बारीक?”

“बारीकले!” मांडव ओरडला.

“मग? दवाखान्याचं औषध ठोकळ. माझं नॅनो! जितकं बारीक तितकं आत घुसते. गाठ शोधून जाळते!”

मागे उभा असलेला हेमराज दात खात होता. हेच पाणी पीत पीत त्याची बायको गुणाबाई गेली होती. आणि आज तिची धाकटी बहीण रुखमा, छातीत कॅन्सरची गाठ घेऊन, पहिल्या रांगेत बसली होती. नागपूरला तिचं औषध सुरू होतं. पुढच्या सलाईनसाठी न्यायला जीप बाहेर उभी, आणि ही उठेना.

“रुखमा, चाल. गाडी थांबून राह्यली.”

“भाऊजी, त्या औषधानं माहे केस गेले. हे त बारीक आहे. तरास नाई.”

“तुह्या बहिणीचं काय झालं, पाह्यलं नाई का तू?”

“तिची श्रद्धा कमी पडली,” बाबा मधेच बोलला.

हेमराज त्याच्या अंगावरच धावला. लोकांनी धरलं. तेवढ्यात त्याने सोबत आणलेल्या डॉक्टर पुनमताई पुढे झाल्या. त्यांनी चहावाल्याकडून दूध मागवलं आणि विहिरीच्या पाण्यात एक थेंब ढवळला.

“महाराज, सोडा उजेड.”

बाबा पेन खिशात घालू लागला. हेमराजने स्वतःला सोडवून त्याच्या हातातला पेन हिसकावला आणि बटण दाबलं. तीच लाल रेघ लखलखली.

“अबे, हे त जत्रेतलं खेळणं होय!” मागून कोणीतरी ओरडलं. “म्हशीनं बी नॅनो देल्लं का जी?”

मांडव हसला. रुखमा हसली नाही. “मंग ताई, नॅनो खोटं आहे का?”

“नाही बाई. खरं आहे, म्हणूनच हा चोर त्याचं नाव घेतो. पाण्यात कसलेही बारीक कण तरंगले, की त्यांच्यावर आपटून उजेड दिसतो. त्यात औषध असावंच लागत नाही. खऱ्या उपचारात पॉलिमर नावाच्या पदार्थाच्या, शरीरात विरणाऱ्या कणांत औषध भरून ते शिरेतून देतात. पण फार बारीक कण लघवीवाटे निघून जातात. फार मोठे यकृतात अडकतात. गाठीच्या रक्तवाहिन्या सैल, गळक्या असतात. मधल्या मापाचे कण तिथून आत झिरपतात, तेही थोडेच. ते माप शोधायला लोक प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं राबतात. नुसतं बारीक असून भागत नाही.”

रुखमा बाबाकडे वळली. “महाराज, तुमचे कण केवढे आहेत?”

“ज्याची जेवढी श्रद्धा, तेवढे.”

रुखमा उठली. पदर खोचून सरळ जीपमध्ये जाऊन बसली. “चाला भाऊजी,” म्हणाली.

तिने विचारलं तसं तुम्हीही विचारा. यात काय आहे? कोणावर तपासलं? किती बरे झाले, किती मेले? उत्तराऐवजी जो श्रद्धा मागतो, त्याच्यासमोर आपलं आजारी माणूस एक घटकाही बसवू नका. उचला आणि दवाखान्यात न्या.