मायची गाणी मिथूच्या फोनात

…एंटरच्या बटणाची टोपी केव्हाच निघून गेली होती. खाली उरलेल्या पांढऱ्या रबरी बोंडीवर संध्यानं बोट दाबलं, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एकाखाली एक नावं उमटायला लागली — शेजाऱ्यांचा टीव्ही, कुणाचा तरी स्पीकर, आणि सगळ्यात खाली 'मिथुन सर'. म्हणजे आपला मिथू. फोनला नाव देताना स्वतःच स्वतःला सर लावलं होतं त्यानं! वा रे सर, ती मनात म्हणाली, मायला चमच्यानं पाणी पाजायची वेळ होती तेव्हा पुण्यातून हलला न्हाईस, आणि आता सर.

"सापडला का फोन?" सोफ्यावरून मान वर न करता मिथुननं विचारलं.

"सापडला."

"ताई, फेकून दे ना हे डबडं. पेनड्राइव्ह घेत न्हाई, इंटरनेट बराबर उघडत न्हाई. आजकाल कोण ब्लूटूथनं पाठवतं?"

डबडं! तिच्या डोक्यात तिडीक गेली. चहा सांडल्यापासून त्याची पेनड्राइव्हची भोकं मेली होती हे खरं, नव्या साइटी बघितल्या की ते हातपाय गाळायचं हेही खरं… पण याच डबड्यासमोर माय बसायची, उशीला टेकून, पदर नीट डोक्यावर घेऊन, जयंतीच्या स्टेजवर बसल्यासारखी, आणि स्वतः रचलेली भीमगीतं गायची. स्टेजवरची माय संध्यानं कधी पाहिलीच नव्हती. गावोगाव गायला जाताना माय मिथूला कडेवर घेऊन जायची, संध्या गावी, धावड्याच्या घरी, भाकरी थापायला. मिथू स्टेजच्या कडेला कुणाच्या तरी मांडीवर झोपायचा म्हणे, टाळ्या वाजल्या की दचकून उठायचा. ते सगळं त्याचं. मायचा आवाज तिच्या वाट्याला आला तो थेट आजारपणात, नवीन जालन्यातल्या या खोलीत, औषधांच्या वासात — आणि तो तिनं या यंत्रात भरून ठेवला. आता रविवारी धावड्यात माय गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन. संपत, तिचा नवरा, सकाळीच मंडपाचं बघायला गेला होता. आणि मंडपात मायची गाणी लावायची, हे ठरवलं कुणी? मिथुन सरांनी. पुण्यातून. फोनवर. ताई, काढून ठेव.

काढून ठेवते ना. का न्हाई काढणार?

सगळ्यात आधी तिनं ते गाणं निवडलं. तेच. थंडीतलं. त्यात माय अर्ध्या कडव्यात अचानक थांबते, श्वास घेते आणि विचारते — "मिथू आला का गं?" बस, एवढंच. संध्यानं ते कितीदा ऐकलं होतं याला हिशोब नव्हता. भावावरचा राग जरा निवल्यासारखा वाटला, त्यानं दिवाळीला साडी पाठवली, गोड बोलला, की ती दार लोटून हे गाणं उघडायची, आणि मायच्या त्या एका प्रश्नानं राग पुन्हा रसरशीत व्हायचा. ऐकू दे त्याला. रविवारी, सगळ्या धावड्यासमोर, पांढरा शर्ट घालून पहिल्या ओळीत बसलेला असेल तेव्हा. तेव्हा कुठं लपवतो तोंड ते बघू…

हिरवी पट्टी सरकायला लागली. मुंगीच्या पावलानं. तेवढ्यात मिथुनचा फोन वाजला आणि "हां सर, बोला सर" करत तो गॅलरीत निघाला. पट्टी थबकली. जोडणी तुटली.

"मिथू! उठलास की तुटतं. इथं बस."

"बिनतारी म्हणतात ना याला?"

"म्हणतात. तू बस."

कुरकुरत तो खाली चटईवर येऊन बसला, गुडघ्याला गुडघा लावून. इतक्या जवळ तो कित्येक वर्षांत बसला नव्हता. त्याच्या शर्टाला महागड्या अत्तराचा वास येत होता, कानाजवळचे केस पांढरे झाले होते — मिथूचे केस! — आणि एक क्षण तिला ते पांढरे केस बघून कसंसंच झालं. पण ती तिथं रेंगाळली नाही. माया यायची ही वेळ नव्हे. तिनं पुन्हा पाठवलं.

या वेळी पट्टी पोचली. त्याच्या फोनात टिंग झालं. आणि रविवारची वाट न बघता त्यानं तिथंच, बसल्या जागी, गाणं लावलं.

तो असं करेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती हडबडली, मग म्हणाली, ऐक बाबा, आजच ऐक. तुझ्या बायकोसमोर ऐक. अक्षता ओट्यापाशी तांदूळ निवडत होती, ती मायचा आवाज ऐकून दारात आली.

माय गात होती. थांबली. "मिथू आला का गं?"

आणि लगेच दुसरा आवाज. "न्हाई आला. येणार बी न्हाई. तू गा मुकाट्यानं."

मिथुननं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा. संध्या त्याच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होती — आता पडेल, आता उतरेल — पण तो उतरेना. उलट उजळत चालला होता, मेला.

"ऐकलंस का अक्षता?" तो दाराकडं वळला. "गाणं थांबवलं गं तिनं. माझ्यासाठी. मला वाटायचं इसरली असंल मला. अन् ती माझंच विचारून राह्यली."

डोळे पुसत तो चक्क हसला. म्हणजे आपण याला चाबूक दिला आणि यानं तो हारासारखा गळ्यात घालून घेतला!

"पण ताई," अक्षता दारातूनच म्हणाली, अगदी हळू, "किती वसकन बोलल्या वं तुमी मायला."

मी? मी कुठं… लॅपटॉपचा स्पीकर फाटका, त्यात तिचा आवाज नुसता घुमायचा, मायच्या मागं कुठंतरी. या नव्या फोनात तो स्वच्छ होता. एक बाई आजारी म्हातारीवर खेकसत होती. त्या दिवशी चादर पुन्हा बदलली होती, शाळेत शिकवायला जायची वेळ झाली होती, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता — यातलं काहीएक त्या आवाजात नव्हतं. नुसतं खेकसणं. मी बोलले हे. ती ऐकायची ते फक्त मायचं. स्वतःचं तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

"थांब," मिथुन म्हणाला. "मधलं एवढं काढून टाकतो. लोकांपुढं बरं न्हाई दिसत ताई. तुझ्यासाठीच म्हणून राह्यलो."

त्यानं पडद्यावर दोन बोटांनी कायतरी ओढलं, आणि लावलं.

"मिथू आला का गं?" मायनं विचारलं. आणि पुढचं कडवं लगेच धरलं, मोकळ्या गळ्यानं.

संध्याच्या अंगावर काटा आला. कारण या कापलेल्या गाण्यात आता तो आला होता. माय विचारते, कुणीतरी मान डोलावतं, दारात बॅग टेकवल्याचा आवाज तेवढा यायचा राहिला, आणि समाधानानं माय गायला लागते. रविवारी सगळं धावडं हेच ऐकणार. मिथू आला होता. आणि ती? ती तर त्या खोलीत कधी नव्हतीच.

"ठेवू ना असंच?"

न्हाई म्हणावं, तर मंडपात सगळ्यांसमोर ते खेकसणं. हो म्हणावं, तर… तिनं राग शोधला. एरवी हाक मारायची खोटी, तो हजर असायचा. आज तो जागेवर नव्हता. त्याच्या जागी भलतंच काहीतरी वर येत होतं — की आपल्या त्या 'न्हाई'नंतर, पुढचं कडवं धरायच्या आधी, माय किती वेळ गप्प राहिली होती?

"ताई, काय म्हणून राह्यलो मी?"

इतक्यांदा ऐकलं होतं, पण ते गप्प राहणं तिला आठवेना. आणि लॅपटॉपात मागं जाऊन ते ऐकायची तिला भीती वाटली.