भुतांच्या सिनेमात करकरणारे दार

मी एक जुने दार आहे, पण मला घर नाही. माझ्या अलीकडे जी खोली, तीच पलीकडे. मित्रांनो, ही सिनेमात आवाज भरण्याची खोली. पडद्यावर भुताच्या वाड्याचा दरवाजा उघडतो ना, तो असतो पुठ्ठ्याचा. तो काय बोलणार, कपाळ! बोलते ते मी.

एका सुताराने मला घडवले. बिजागऱ्या इतक्या चोख बसवल्या की मी हूं का चूं करीना. आवाजवाल्या अण्णांनी डोक्याला हात लावला. "अहो मिस्त्री, हे दार करकरायला हवं!"

"जन्मभर लोक माझ्याकडे उलटी तक्रार घेऊन आले," सुतार पुटपुटला. मग बिजागऱ्या तिरक्या करून, गंजवून त्याने मला कंठ दिला.

ते कृष्णधवल सिनेमांचे दिवस होते. भूत दिसतच नसे. पडद्यावर मेणबत्ती थरथरे, इकडे अण्णा मला बोटाने हळूहळू ढकलत आणि मी लांबलचक करकरे. प्रेक्षकांची बोबडी वळे. एका गृहस्थाने म्हणे माझा आवाज ऐकून शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला, तो सिनेमा संपला तरी सोडला नाही. त्यांना आता नातवंडे आहेत, असे अण्णा शपथेवर सांगत.

पुढे सिनेमा रंगीत झाला आणि भुते धीट झाली. रबरी मुखवटे आले, बादलीबादलीने लाल रंग आला. दार हळू उघडायला वेळ कुणाला? मला नुसते धाडकन आपटत. मग लोक घरीच दिवे लावून भुते पाहू लागले. भूत मध्येच थांबवून चहा टाकू लागले. त्यानंतर संगणक आला. माझी करकर एकदाच त्यात भरून घेतली आणि मला भिंतीला टेकवले. आवाज माझा गावभर हिंडत होता आणि मी धूळ खात होते.

अण्णा गेले. त्यांची लेक ही खोली सांभाळू लागली. काम आटले, तेव्हा अर्धी खोली भाड्याने देऊन अडगळ काढायची ठरली. अडगळ म्हणजे मीच. तेवढ्यात एक तरुण दिग्दर्शिका आली.

"ताई, संगणकातली करकर नको. ती लोकांना पाठ झालीये. खरं दार आहे?"

"आहे की! उद्या या."

ताईंचे यजमान, म्हणजे अण्णांचे जावईबापू, यांच्या कानावर एवढेच आले की उद्या कुणीतरी दार पाहायला येणार. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून त्यांनी मोठ्या मायेने माझ्या बिजागऱ्यांत तेल ओतले.

सकाळी ताईंनी मला ढकलले. मी गप्प.

"अहो, काय करून ठेवलंत हे?"

"काय म्हणजे? बघ कसं लोण्यासारखं फिरतंय!"

"त्या करकरीवर आमचं घर चाललं हो! आज हे बोललं नाही, तर जळणात जाईल."

जावईबापू धावत जाऊन रॉकेल घेऊन आले. मग दोघांनी मिळून रॉकेलच्या चिंधीने तेल पुसले, जमेल तेवढे. दिग्दर्शिका आली, कानांवर हेडफोन लावून बसली. ताईंनी मला ढकलले. मी सगळा जीव एकवटला, पण जुनी लांब करकर काही येईना. बारीक, तुटक, अडखळता आवाज निघाला.

तिने हेडफोन काढले. "ताई, हे दार घाबरवत नाहीये. हे घाबरलंय."

"म्हणजे... चालणार नाही?"

"माझ्या सिनेमात भूतच नाही. एका म्हातारीला तिची मुलं घरातून काढतायत. मला असंच दार हवं होतं. पुन्हा एकदा ढकला ना."

त्या दिवशी मी बारा वेळा उघडले. खरेच घाबरले होते मी, मित्रांनो. अभिनय नव्हता तो.

जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. पण हाती तेल, रंग, खिळा घेण्याआधी ती वस्तू कशासाठी जन्माला आली, हे कुणाला तरी विचारा. जावईबापू आता विचारतात. परवा माझ्यावरची धूळ पुसायलाही त्यांनी परवानगी मागितली.

"पुसा," ताई म्हणाल्या, "पण हळू. झोपलंय ते."