पांढरं तेल

लढाईमुळे वंगण मिळेनासं झालं होतं. म्हणून नावेच्या जुन्या मोटारीतून दुधासारखं पांढरं तेल निघताच शरच्चंद्रांचा संशय थेट मेव्हण्यावर, रत्नाकरवर गेला.

“तेल लंपास केलं आणि वर पाणी ओतलं! काहून रे, गवळी आहेस?”

फॅक्टरीतून दमून आलेल्या रत्नाकरने मोटारीचा पाण्यात फिरणारा पंखा काढला. मागे दांड्याला गळाचा नायलॉनचा दोरा करकचून गुंडाळला होता. त्यानेच रबरी सील कापलं होतं आणि नर्मदेचं पाणी आत शिरलं होतं.

“जिजाजी, रविवारी मासे धरायला तुम्हीच गेले होते ना? मी तर ओव्हरटाइमला होतो.”

शरच्चंद्रांनी दोरा निरखून पाहिला.

“अच्छा! म्हणजे माझा गळही तूच वापरून राहिला!”