लेकराविना दूध

शुक्रवारी सकाळीच एवारिस्तोबाबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. डोंगरापलीकडच्या गावांतून बाया लेकरं पाठीला बांधून आल्या होत्या. कोपालच्या धुपाच्या धुराने डोळे चुरचुरत होते, तरी कुणी जागचं हलत नव्हतं. वेदीशेजारच्या खुर्चीवर पास्कुआलाची लेक मिकाएला बसली होती. लग्न नाही, लेकरू नाही, दोन वर्षं पाळी नाही, आणि तरी पोरीच्या छातीतून दूध येत होतं.

"रक्ताचा विटाळ गेला आणि दुधाची कृपा आली," बाबा सुरात सांगत होता. "कुमारी मातेने आपल्या गावातली लेक निवडली." मग तो मातीच्या घड्यातून ते दूध वाटीवाटीने वाटायचा. ताप, वांझपण, नवऱ्याची दारू, सगळ्यांवर एकच औषध. नवरे मात्र प्यायचे थांबले नव्हते.

पास्कुआला दाराशी उभी होती. जन्मभर तिला कुणी विचारलं नव्हतं. आता येणारा जाणारा तिचा हात डोळ्यांना लावत होता. ते तिला आवडत होतं. पण एक गोष्ट खुपतही होती. कमरेला माग बांधून मिकाएला उइपिलचं, बायांच्या नक्षीदार झग्याचं, कापड विणायची, तेव्हा तिच्या काठाला बाजारात तोड नसायची. वर्षभरापासून ते काठ वाकडे जात होते. दारातून आत येताना तिचा खांदा चौकटीवर आपटायचा. "आई, मला कडेचं दिसत नाही गं," ती म्हणाली होती. पास्कुआलाने बाबाला विचारलं, तर तो हसला. पोरीची नजर सरळ स्वर्गाला लागलीय म्हणे, इकडेतिकडे कशाला बघेल? पास्कुआलाला ते पटलं. आपल्याच लेकीपुढे तिने गुडघे टेकले होते.

त्या शुक्रवारी गर्दीतून आरोग्य केंद्रावरची नवी डॉक्टरीण, इरासेमा, पुढे आली. सगळ्यांदेखत तिला हाकलणं बाबाला जमेना. तिने मिकाएलाला हळूच काही विचारलं, मग घड्यात डोकावली.

"हिला फडकं भिजेल एवढंच दूध येतं म्हणते. मग घडा कुणी भरला, बाबा?"

बाबाने देवीची लीला सांगायला तोंड उघडलं, तोच वेदीच्या पडद्यामागून शेळी ओरडली. ती नवसाची आहे, दुधाशी तिचा संबंध नाही, असं तो घाईघाईने म्हणाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरीण हसली नाही.

तिने मिकाएलाला एकदा एक, एकदा दुसरा डोळा झाकून आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बाजूला बोटं हलवली. बोटं सगळ्या अंगणाला दिसत होती.

"काय दिसतं?"

"तुमचं नाक," मिकाएला म्हणाली. "का? अजून काही आहे का?"

 पास्कुआला गर्दीतून वाट काढत लेकीजवळ आली.

डॉक्टरीण बायांकडे वळली. लेकरू अंगावर पीत असताना तुम्हाला पाळी यायची का, तिने विचारलं. बऱ्याच जणींनी माना हलवल्या, नाही. "मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते," ती म्हणाली. "तिच्या हुकमाने दर महिन्याला बीज पिकतं आणि पाळी येते. लेकरू प्यायला लागलं की तीच ग्रंथी प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक जास्त सोडते. त्याने दूध येतं आणि पाळी थांबते. हिच्या ग्रंथीवर बहुतेक गाठ आलीय. लेकरू नसतानाही ती तेच संप्रेरक सोडत बसलीय. आणि डोळ्यांच्या नसा तिच्या अगदी वरून जातात. गाठ वाढली, नसा दाबल्या. ही कृपा नाही, आजार आहे, आणि त्याला गोळ्या आहेत."

"मग दिसेल ना तिला?" पास्कुआलाने विचारलं.

"लवकर आणायला हवं होतं, मावशी," डॉक्टरीण म्हणाली.

शहरातल्या तपासणीत गाठच निघाली. गोळ्यांनी ती आकसली. दूध आटलं, पुढे पाळीही आली आणि त्या दिवशी मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. डाव्या डोळ्याला बरंचसं दिसायला लागलं. उजवा कायमचा गेला. बाबा शेळी घेऊन दुसऱ्या गावी गेला. तिथेही त्याला गर्दी मिळाली असेल, याचंच वाईट वाटतं.

पुढे एकदा नदीवर धुणं धुताना शेजारीण पास्कुआलाजवळ सरकली. तिच्या सुनेची पाळी बंद झाली होती, पोटात लेकरू नव्हतं. कुठल्या संताला मेणबत्ती लावू, ती दबक्या आवाजात विचारत होती.

"मेणबत्ती मागून लाव," पास्कुआला म्हणाली. "आधी तिला डॉक्टरकडे ने. आणि ती काय दुखतं, काय खुपतं सांगेल, ते ऐक गं बाई. माझी पोर दिसत नाही म्हणत होती, आणि मी तिच्या पाया पडत होते."