देवाशेजारचा बेसबॉलवाला

आमच्या विवेकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बेसबॉलची बॅट धरता येत नाही. पण जुन्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या बेसबॉलपटूंचे फोटो जमवायचं वेड केवढं! त्यातही आयर्लंडहून अमेरिकेला जाऊन खेळलेले असले तर विचारायलाच नको. इथे आयर्लंडमधल्या नावन गावातला आमचा शेजारी डेक्लन एकदा त्याला म्हणाला, "माझ्या पणजोबांच्या भावाचा आहे माझ्याकडे." झालं! जाड पुठ्ठ्यावरचा तो फोटो स्कॅन करायला म्हणून घरी आला. त्या माणसाचा जगात तेवढा एकच फोटो. कुणाचा हात लागू नये म्हणून विवेकने तो ठेवला कुठे, तर किचनमधल्या देवांशेजारी. अक्कल बघा!

विवेक कंपनीत गेला. दुपारी डेक्लन फोटो न्यायला येणार होता. मी घरूनच काम करते. मीटिंग संपवून किचनमध्ये आले आणि किंचाळलेच. खांद्यावर बॅट घेतलेल्या त्या मिशाळ बाबाच्या कपाळावर ओलं गंध, पुढ्यात झेंडूचं फूल!

"आई, हे काय केलंत?"

"काहून ओरडून राहिली?" नागपूरहून आलेल्या सासूबाई वडे तळत होत्या. "देवापाशी फोटो म्हणजे गेलेलंच माणूस ना कोणी? आज सर्वपित्री आहे."

पुसावं तर डाग पसरणार, न पुसावं तर मुरणार. तेवढ्यात बेल वाजली. डेक्लन आत आला आणि थेट फोटोपाशी गेला. मी आपली सॉरी सॉरी करतेय. त्याने फोटो उचलला, कडेला नख घातलं आणि वर घट्ट बसलेलं पारदर्शक पाकीट ओढून काढलं. गंध पाकिटावर! फोटो कोरडा ठणठणीत.

"ग्रँड," तो म्हणाला. म्हणजे इथल्या बोलीत, काही बिघडलं नाही.

हुश्श! पाकीट विवेकनेच चढवलं असणार. त्याला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या मागे घेतल्या. सगळ्या नाही.

"पण हे कशासाठी?" डेक्लनने विचारलं. मी सांगितलं, आज आम्ही घरच्या गेलेल्या माणसांना जेवायला वाढतो.

त्याने फोटोवर बोट ठेवलं. "हा तिकडेच वारला. कधी, ते आमच्यात कुणालाच माहीत नाही."

"काय म्हणून राहिला तो?" आईंनी विचारलं. मी सांगितलं.

"अगं, मग याचीच तर तिथी आज! ज्याची माहीत नाही, त्याचं आजच करतात. सांग त्याला." आणि आईंनी ताट वाढायला घेतलं.

डेक्लन जेवायला बसला. खीर दोनदा घेतली. निघताना फोटो पुन्हा पाकिटात घालून त्याने होता तिथेच ठेवला.

"उद्या नेतो," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच कुणीतरी जेवायला बोलावलंय."